नॉर्वेजियन शब्द कुठे तोडायचा

मला नॉर्वेजियन येत नाही. तेव्हाही येत नव्हती. तरी ऐंशीच्या दशकात काही काळ मी क्रॉयडनमध्ये एक नोकरी करत होते आणि त्या नोकरीत नॉर्वेजियन भाषेतले लांबलचक शब्द ओळीच्या शेवटी कुठे तोडायचे, म्हणताना कुठल्या अक्षरावर जोर द्यायचा, हे ठरवायचं काम माझ्याकडे होतं. पुण्याच्या मैत्रिणींना मी पत्रात हे कळवलं तेव्हा एकीने उत्तरात विचारलं होतं, "तुझी तब्येत बरी आहे ना?"

माझा नवरा भूल देणारा डॉक्टर. आधी आम्ही मँचेस्टरला होतो, मग त्याला दक्षिण लंडनच्या बाजूला एका हॉस्पिटलात जागा मिळाली आणि आम्ही क्रॉयडनला आलो. मुलगी शाळेत जायला लागली. मी संस्कृत घेऊन एम.ए. झालेले. त्या डिग्रीची क्रॉयडनमध्ये कुणालाच गरज नव्हती. एक दिवस स्टेशनजवळच्या पेपरवाल्याच्या काचेत कार्ड दिसलं : प्रूफरीडर पाहिजे, परकीय भाषा येत असल्यास उत्तम.

ऑफिस गालिच्यांच्या दुकानाच्या वर होतं. बॉस उंच, वाकलेला, सतत चष्मा शोधणारा इंग्रज माणूस. त्याने विचारलं, "तुम्हाला किती भाषा येतात?"

मी म्हटलं, "मराठी, हिंदी, संस्कृत, इंग्रजी. गुजराती समजते."

"नॉर्वेजियन?"

"नाही."

"पण बाकीच्या एवढ्या येतात," तो म्हणाला, "मग ही एक काय जड आहे? सोमवारी या."

त्याने हे गंभीरपणे म्हटलं होतं. मी चेष्टा समजून हसले, तर तोही सभ्यपणे हसला, आणि सोमवारी माझ्या टेबलावर नॉर्वेजियन मजकुराचा ढीग होता.

उत्तर समुद्रात तेल काढायच्या एका फलाटावर काम करणाऱ्या लोकांसाठी सुरक्षेचं पुस्तक छापायचं होतं. त्याच्याबरोबर काही पाट्या, आणि पुढे जमलं तर धोक्याच्या सूचनांची एक कॅसेट. कंपनीच्या लंडनच्या ऑफिसातला कुणीतरी आमच्या बॉसबरोबर गोल्फ खेळायचा, म्हणून हे काम नॉर्वे सोडून क्रॉयडनला आलं होतं. मजकूर तयार होता, बरोबर होता. आम्ही फक्त तो अक्षरजुळणीच्या मशीनवर लावायचा, चकचकीत कागदावर छापून येणाऱ्या पट्ट्या कापायच्या आणि पानावर चिकटवायच्या.

अडचण अशी की पुस्तक कामगाराच्या खिशात मावेल एवढं हवं होतं. पान लहान, त्यावर दोन रकाने, म्हणजे ओळ बोटभर रुंद. आणि नॉर्वेजियन लोक शब्दाला शब्द जोडतात ते मध्ये जागा न सोडता जोडतात. आपणही आगगाडी म्हणतो, पण आगगाडीपाशी थांबतो. ते थांबत नाहीत. हेलिकॉप्टर उतरतं त्या डेकवरचं आग विझवायचं यंत्र हा त्यांच्याकडे एकच शब्द आहे : हेलिकॉप्टरडेक्कब्रान्नस्लुक्निंग्सअपाराट. आमच्या रकान्यात तो मावणं शक्यच नव्हतं. तो तोडायलाच हवा होता. मशीन तो तोडायचंही, पण मशीनला फक्त इंग्रजी माहीत होतं. ते इंग्रजी नियमाने कुठेही सुरी घालायचं आणि तुकडे पुढच्या ओळीत ढकलायचं.

"चुकीचं आहे एवढं मला कळतं," बॉस म्हणाला. "बरोबर काय ते कळत नाही. फक्त हेलिकॉप्टरबद्दल मी ठाम आहे. तो ग्रीक शब्द आहे. हेलिको आणि प्टर. प्टर म्हणजे पंख. तो तिथेच तोडायचा."

"ओळीची सुरुवात 'प्टर'ने करायची?" मी विचारलं.

"ग्रीकांनी केली असती," तो म्हणाला.

शेवटी त्याने लंडनमधल्या नॉर्वेजियन चर्चला फोन केला. तिथल्या बाईंनी सांगितलं की क्रॉयडनमध्ये आमचे दोघं जण राहतात. एक निवृत्त जहाजाचे कप्तान आहेत, एक विधवा बाई आहेत. दोघंही हुशार आहेत, मदत करतील. पण दोघांना एकाच दिवशी बोलावू नका.

बॉसने दोघांना एकाच दिवशी बोलावलं. गुरुवारी सकाळी, चहाला.

कप्तान आधी आले. बर्गन नावाच्या बंदरगावचे, सत्तरीचे, रुंद. इंग्रज बायको वारल्यावर मुलीकडे राहायला आले होते. ते खुर्चीत बसतात न बसतात तोच बाई आल्या. ह्या नॉर्वेच्या पूर्वेकडच्या, एका दरीतल्या गावच्या. महायुद्धानंतर इंग्रज शिपायाशी लग्न करून इकडे आलेल्या, आता एकट्या. पांढरे केस घट्ट बांधलेले, हातात स्वतःचा चमचा. त्यांना दुसऱ्याच्या घरचा चमचा चालत नसे. कप्तानांना बघून त्या दारातच थांबल्या आणि इंग्रजीत, म्हणजे आम्हाला कळावं म्हणून, म्हणाल्या, "हे इथे असणार हे मला कुणी सांगितलं नाही."

"मलाही नाही," कप्तान म्हणाले. "नाहीतर टाय लावून आलो असतो."

भांडणाचं मूळ मला पुढे कळलं. कधीतरी चर्चमध्ये बाईंनी बायबलमधला उतारा वाचला होता आणि नंतर कॉफी पिताना कप्तान सगळ्यांसमोर म्हणाले होते की बाई प्रत्येक वाक्य प्रश्न विचारल्यासारखं शेवटी वर नेतात, त्यामुळे देव आहे की नाही याबद्दल शंका वाटते. बाईंनी उत्तर दिलं होतं की बर्गनची माणसं र म्हणताना गुळण्या करतात, त्यांनी आधी तोंडातलं पाणी थुंकून यावं. त्यानंतर दोघं एकमेकांशी बोलले नव्हते.

आमच्या ऑफिसात मात्र ते बोलायला लागले, कारण समोर शब्द होते.

पद्धत अशी ठरली. मी शब्द दाखवायची. कप्तान तो मोठ्याने म्हणायचे आणि टेबलावर मूठ आपटायचे. मूठ जोरात पडली की तिथे जोर, म्हणजे तिथे नवा तुकडा सुरू आणि त्याच्या आधी शब्द तोडायचा. मी लाल पेन्सिलने खूण करायची. मग बाई तोच शब्द म्हणायच्या आणि आपल्या चमच्याने कपावर वाजवायच्या. तिथे निळी खूण. दोन्ही खुणा एकावर एक आल्या की शब्द पास.

साध्या शब्दांचं भांडण नसे. जोडशब्दात पहिल्या तुकड्यावर मुख्य जोर आणि पुढच्या तुकड्यांवर उतरता, हे दोघांनाही मान्य होतं. ब्रान्न म्हणजे आग, म्हणून आग विझवायच्या यंत्रात ब्रान्नवर मूठ आणि ब्रान्नवरच चमचा. खरी पंचाईत बाहेरून आलेल्या शब्दांची. कप्तान म्हणायचे हेलि-कॉप्-टर, मूठ कॉपवर. बाई म्हणायच्या हे-लिकॉप्टर, चमचा हेवर. स्टेशनला कप्तान स्टा-शून म्हणताना शेवटी आपटायचे, बाई सुरुवातीला वाजवायच्या. त्यांच्या दरीत बाहेरून आलेल्या प्रत्येक शब्दाला पहिल्याच अक्षराला पकडतात, असं त्या म्हणाल्या.

"गुरांना पकडतात तसं," कप्तान म्हणाले.

"आमच्याकडे गुरं तरी होती," बाई म्हणाल्या. "तुमच्याकडे नुसता पाऊस."

बॉस मध्येच डोकं घालायचा : "पण तोडायचं 'प्टर'च्या आधी, बरोबर?" तेव्हा मात्र दोघं एकदम म्हणायचे, "नाही!"

काही आठवड्यांनी त्यांनी बॉसला सांगितलं की असं चालणार नाही, निकाल कुणीतरी तिसऱ्याने द्यायला हवा. बॉसने माझ्याकडे बोट केलं. मी म्हटलं, "मला तर भाषाच येत नाही." कप्तान म्हणाले, "उत्तम. म्हणजे तुम्ही ह्यांच्या बाजूच्या नाही." बाई म्हणाल्या, "आणि तुमच्याही नाही." आणि मी न्यायाधीश झाले.

घरी नवऱ्याला हे सांगितलं तेव्हा तो वरणाला फोडणी देत होता. म्हणाला, "अगं, पण तू निकाल कशावर देणार?"

"कानावर. अहो, नाहीतर कशावर देऊ?"

मुलगी टेबलापाशी गृहपाठ करत होती. तिने सगळं ऐकलं आणि विचारलं, "आई, तो मोठी शब्द संपली का आज?" तिच्या मराठीत लिंगांचा असाच गोंधळ असायचा. मी तिला दुरुस्त करायला गेले आणि माझ्या लक्षात आलं की शब्द पुल्लिंगी का, याचं कारण मलाही देता येत नाही. मी म्हटलं, "नाही बाळा, अजून अर्ध्यावर आहे."

खरं सांगायचं तर मला त्या कामात मजा यायला लागली होती. शाळेत संधी सोडवायला लावायचे, त्याची आठवण यायची. महर्षी हा शब्द जोडलेला असतो तेव्हा त्यात ऋ दिसत नाही, सोडवला की महा आणि ऋषी होतो, ऋ हजर. नॉर्वेजियनमध्येही तसं निघालं. रात्रीच्या रेल्वेगाडीला ते नात्तोग म्हणतात. नात्त म्हणजे रात्र, त्यात शेवटी दोन टी. तोग म्हणजे गाडी, त्यात सुरुवातीला एक टी. जोडल्यावर तीन व्हायला हवेत, पण तीन एकसारखी अक्षरं शेजारी लिहायची नाहीत असा नियम, म्हणून एक टी गाळतात. मात्र शब्द ओळीच्या शेवटी तुटला, की गाळलेला टी परत येतो. रात्र एका ओळीत, गाडी पुढच्या ओळीत, आणि टी तीन.

बॉसला हे पटेना. "म्हणजे शब्द अख्खा असताना त्याला दोन टी, आणि मोडल्यावर तीन?"

"हो."

"मोडल्यावर वस्तू कमी व्हायला हवी," तो म्हणाला, आणि मशीनवर काम करणाऱ्या मुलीला त्याने तो टी लावू नकोस म्हणून सांगितलं. मी लावायला सांगितलं. मुलगी बिचारी दिवसभर एक टी घालत आणि काढत होती. शेवटी कप्तानांनी बॉसला खिडकीपाशी नेलं, खांद्यावर हात ठेवला आणि सांगितलं की आमचा देश गरीब होता तेव्हा शाई वाचवायला हे सुरू झालं, आता परवडतं पण सवय गेली नाही. ही शुद्ध थाप होती. बॉसला मात्र ती लगेच पटली.

मग पाटीचं प्रकरण झालं.

फलाटावर जिथे धूम्रपान करायचं नाही तिथे लावायची पाटी होती. तिच्यावर एकच शब्द : रॉय्कफ्रित्त. रॉय्क म्हणजे धूर, फ्रित्त म्हणजे मुक्त. धूरमुक्त. पाटी उभी आणि अरुंद, म्हणून आमच्याकडे तो शब्द दोन ओळींत लावला गेला, वर रॉय्क, खाली फ्रित्त. मध्ये जोडरेघ बॉसने काढून टाकली, मोठ्या अक्षरांत रेघ वाईट दिसते म्हणून. नमुना भिंतीला टेकवून ठेवला होता. गुरुवारी कप्तान आले, कोट काढता काढता त्यांची नजर पाटीवर गेली आणि ते एक बाही घातलेल्या अवस्थेत हसायला लागले. बसले आणि हसले, डोळे पुसले आणि पुन्हा हसले. आम्ही विचारतोय काय झालं, तर ते नुसतं बोट दाखवताहेत.

इतक्यात बाई आल्या. त्यांनी पाटी वाचली. त्यांचा चेहरा आधी दगडासारखा झाला, मग ओठ हलले, आणि मग त्याही खाली बसल्या. दोघांना एकत्र हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

"एकत्र म्हटलं की धूरमुक्त," बाई शेवटी मला म्हणाल्या. "रॉय्कवर जोर, फ्रित्त हळू. पण वेगळं केलं की दोन शब्द होतात, दोन्हींवर जोर. रॉय्क म्हणजे 'धूम्रपान कर'. फ्रित्त म्हणजे 'मोकळेपणाने'."

"ओढा बिनधास्त!" कप्तान म्हणाले. "तेलाच्या टाकीशेजारी! ओढा बिनधास्त!"

बॉसचा चेहरा पांढरा पडला. त्याला रेघ परत घालायला सांगितलं, तर अजूनही त्याला ती दिसायला वाईट वाटत होती. मग त्याने मार्ग काढला : शब्द एकाच ओळीत बसेल इतकी अक्षरं लहान करायची. ती इतकी लहान झाली की वाचायला पाटीच्या अगदी जवळ जावं लागायचं. कप्तान म्हणाले की आता कामगार अंधारात पाटी वाचायला काडी ओढून जवळ नेणार. शेवटी पाटीच आडवी केली. हे सुचायला आम्हाला पूर्ण आठवडा लागला.

त्याच सुमाराला कप्तान बसमधून उतरताना पडले आणि त्यांचं कमरेचं हाड मोडलं. ऑपरेशन माझ्या नवऱ्याच्या हॉस्पिटलात झालं आणि योगायोगाने भूल त्यानेच दिली, पाठीच्या कण्यात सुई देऊन कमरेखालचा भाग बधिर करतात ती. दुपारी भेटायच्या वेळी मी वॉर्डात गेले. बाई माझ्या आधी तिथे होत्या. कोट न काढता, पिशवी मांडीवर घेऊन, पलंगापासून जरा लांब बसल्या होत्या, म्हणजे पाहिजे तर लगेच उठून जाता यावं.

कप्तान शुद्धीत होते, पण पाय अजून बधिर. त्यांनी चादरीवरून स्वतःच्या मांडीवर थाप मारली आणि म्हणाले, "लाम्मे लोर."

बाईंनी तोंडावर हात धरला.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"लाम्मे म्हणजे लुळ्या. लोर म्हणजे मांड्या. लुळ्या मांड्या," बाई म्हणाल्या. "पण एकत्र म्हटलं, पहिल्यावर जोर देऊन, लाम्मेलोर, की तो कोकराच्या मांडीचा रस्सा नाही का... भाजलेली मांडी. रविवारी करतात ती."

मी हसले, आणि हसता हसता थांबले. हा शब्द मी पाहिला होता. पुस्तकाच्या शेवटी फलाटावरच्या कँटीनची माहिती होती, आठवड्यात काय जेवायला मिळतं वगैरे. त्यातल्या रविवारच्या ओळीत तो होता, रकान्याच्या कडेला, दोन ओळींत. आणि पाटीच्या गडबडीत रेघा काढून टाकायचा हुकूम बॉसने सगळीकडे लागू केला होता की काय, हे मला आठवेना.

वॉर्डाबाहेरच्या फोनवरून मी ऑफिसात फोन लावला. बॉसच आला.

"शेवटचं पान बघा," मी म्हटलं. "रविवार. मांडी."

"काय?"

"लाम्मेलोर तुटलाय का? मध्ये रेघ आहे का?"

तो बराच वेळ गेला. परत येऊन म्हणाला, "रेघ नाहीये. सुंदर दिसतंय."

"अहो, त्याचा अर्थ लुळ्या मांड्या होतो!"

मग तो म्हणाला, "जेवणात?"

मी परत वॉर्डात आले तेव्हा माझा नवरा राउंडला आला होता. त्याने कप्तानांच्या पायावर थंड काहीतरी लावून विचारलं, "हे कळतंय का?" कप्तान म्हणाले, "नाही. पण डॉक्टर, नॉर्वेत तुम्ही आचारी म्हणून नाव काढाल." नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "घरी सांगते." बाईंनी तेवढ्यात कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला होता. नंतर त्या रोज जायच्या, हे मला नर्सकडून कळलं. दोघं शब्दांवरून इतक्या मोठ्याने वाद घालायचे की शेजारच्या पेशंटने पलंग बदलून मागितला.

पुस्तक छापून गेलं. उरली कॅसेट.

कप्तान बरे होऊन काठी घेऊन यायला लागले होते. कॅसेटवर आवाज कुणाचा, यावरून पुन्हा ठिणगी पडली. कप्तान वाचणार म्हटलं तर बाई म्हणायच्या, अलार्म हा शब्द ते मागे जोर देऊन म्हणतील, लोक अर्ध्या शब्दापर्यंत झोपलेलेच राहतील. बाई वाचणार म्हटलं तर कप्तान म्हणायचे, वाक्य शेवटी वर जाईल आणि लोकांना वाटेल आग लागली आहे का असं आपल्यालाच विचारताहेत. बॉसने दोघांकडे पाहिलं आणि मग, माझी भीती खरी करत, माझ्याकडे पाहिलं.

मी देवनागरीत लिहून घेतलं. आयुष्यात एवढं जपून कधी लिहिलं नसेल. स्टुडिओ म्हणजे एका छोट्या चर्चची मागची खोली, आवाज घुमू नये म्हणून भिंतींना अंड्यांचे पुठ्ठे लावलेले. मी माइकसमोर उभी राहिले. उजवीकडे कप्तान, जोराच्या जागी काठी आपटायला. डावीकडे बाई, वाक्याची चाल हाताने वर-खाली दाखवायला. जिथे दोघांचं एकमत नव्हतं तिथे मी निकाल द्यायच्या ऐवजी दोन्हीकडे जोर दिला. हेलिकॉप्टरडेक्कमध्ये हेवर आणि कॉपवर, आणि घाबरून डेक्कवरही. अलार्म तर मी दोन्ही टोकांनी असा म्हटला की रेकॉर्डिंग करणारा दचकला. काठीचा आवाज टेपवर आलाच. तो काढता आला नाही.

कॅसेट गेली. मी काही दिवस फोन वाजला की घाबरायची.

मग कंपनीचा एक नॉर्वेजियन साहेब स्वतः क्रॉयडनला आला. पस्तिशीचा, हसरा, हातात चॉकलेटचा डबा. बॉसला म्हणाला, कॅसेट फार आवडली. लोक ऐकतात. पूर्वीच्या कॅसेटला कुणी कान देत नव्हतं, ह्या वेळी सगळे थांबून ऐकतात, कारण ही बाई कुठली यावर त्यांच्या पैजा लागल्या आहेत. पश्चिमेकडचे म्हणतात पूर्वेची, पूर्वेकडचे म्हणतात उत्तरेची. उत्तरेकडच्या एकाने शपथेवर सांगितलंय की त्याची मामी अशीच बोलते. "आमच्याकडे प्रत्येक दरीची बोली वेगळी," तो म्हणाला. "ही दरी कुठली तेवढं सांगा. आणि तो मागचा ठोका फार छान आहे, काळजाच्या ठोक्यासारखा."

बॉसने अभिमानाने मला पुढे केलं. मी सुती साडी आणि वर कार्डिगन घालून, हातात चिकटवायच्या पट्ट्या घेऊन उभी होते. साहेबाने माझ्याकडे पाहिलं. त्याच्या मनात काय आलं देव जाणे, पण तो शिष्टाचाराचा माणूस होता. त्याने हात पुढे केला आणि माझ्याशी नॉर्वेजियनमध्ये बोलायला लागला. बराच वेळ बोलला. शेवटी प्रश्न होता एवढं कळलं. की नव्हता, पूर्वेकडचा असेल तर सांगता येत नाही.

मला काहीतरी बोलायला हवं होतं. मला जी नॉर्वेजियन वाक्यं पाठ होती ती सगळी एकाच प्रकारची होती. माझ्या तोंडून निघालं, "गो रूली तिल नॅरमेस्ते नोदउत्गांग." म्हणजे शांतपणे जवळच्या संकटकालीन दरवाजाकडे चालत जा.

तो थांबला. माझ्याकडे बघत राहिला. मग दाराकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे, आणि एवढा खदखदून हसला की खालच्या गालिच्यांच्या दुकानातला माणूस जिन्यात येऊन उभा राहिला. "उत्तर!" तो बॉसला इंग्रजीत म्हणाला. "नक्की उत्तरेकडच्या. हा कोरडा विनोद फक्त तिकडेच!"

कप्तान आणि बाई कोपऱ्यात शेजारी शेजारी बसून शांतपणे चहा पीत होते. दोघांनीही त्याला काही सांगितलं नाही. तो गेल्यावर कप्तान म्हणाले, "बोलीचं नाव काय ठेवायचं?" बाई म्हणाल्या, "क्रॉयडनची दरी." चॉकलेटचा डबा आम्ही तिथेच संपवला.

पुढे काम संपलं तरी दोघं दर गुरुवारी यायचे. बॉसने कधी विचारलं नाही का येता म्हणून. नव्वद उजाडता उजाडता प्रत्येकाच्या टेबलावर कॉम्प्युटर आले, आमच्यासारख्या ऑफिसांना काम उरलं नाही आणि बॉसने शटर ओढलं. मी लायब्ररीत लागले. कप्तान आणि बाईंनी लग्न केलं. क्रॉयडनच्या रजिस्टर ऑफिसात, इंग्रजीत. चर्चमध्ये का नाही, असं मी विचारलं तर बाई म्हणाल्या की शपथेतल्या दोन शब्दांवर एकमत होईना, आणि ह्या वयात थांबणार किती.

ते दक्षिणेला समुद्रकाठच्या एका गावात राहायला गेले. आम्ही एकदा रविवारी भेटायला गेलो. छोटं घर, खिडकीतून राखाडी पाणी. घरात दोघं इंग्रजीच बोलत होते. कप्तान म्हणाले, "ही परकी भाषा, त्यामुळे शांतता आहे. ह्यात दोघंही सारखेच वाईट."

चहाबरोबर बाईंनी ते गोल, गोडसर पावासारखे असतात ते स्वतः भाजून आणले. कप्तानांनी ताटली माझ्या नवऱ्यापुढे धरली आणि म्हणाले, "स्कॉन घ्या, डॉक्टर."

"स्कोन," बाई म्हणाल्या.

"स्कॉन. माझी पहिली बायको स्कॉन म्हणायची."

"माझा पहिला नवरा स्कोन म्हणायचा. त्याची आई बेकरीत होती."

दोघांनी माझ्याकडे वळून पाहिलं. मी पटकन तोंड भरून घेतलं. पण माझा नवरा, ज्याने एवढ्या वर्षांत एकाही शब्दाच्या भांडणात तोंड घातलं नव्हतं, मुलीने लोणी लावून दिलेला तुकडा हातात धरून शांतपणे म्हणाला, "मँचेस्टरच्या आमच्या वॉर्डात तर सगळे स्कॉनच म्हणायचे."

त्यानंतर अर्धा तास बाई त्याच्याशी बोलल्या नाहीत. निघताना मात्र त्यांनी उरलेले सगळे त्याच्याच हातात बांधून दिले. आणि गाडीच्या काचेतून आत वाकून, हळू आवाजात, म्हणजे कप्तानांना ऐकू जाऊ नये म्हणून, त्याला विचारलं की मँचेस्टर तसं उत्तरेलाच येतं ना, म्हणजे तो तिकडचा कोरडा विनोदच होता ना.